‘मी ठीक आहे’ असं लिहू नकोस

रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा जावई हॉलमधल्या आरामखुर्चीत बसून झोपलेला दिसला. अंगावर पांघरूण, मान एका बाजूला कललेली, खुर्चीच्या हातावर श्वासाचा निळा पंप. मला वाटलं लेकीशी भांडण झालंय. नवराबायकोच्या भांडणात पडायचं नाही असं ठरवूनच मी अमेरिकेत राहायला आले होते, म्हणून गुपचूप परत फिरले. सकाळी लेकीला आडून आडून विचारलं तर ती म्हणाली, “नाही गं आई, आडवं झालं की त्याला खोकला येतो. सवय आहे त्याला.”

किती वर्षांची सवय, असं विचारलं तर तिला नीट सांगता येईना. लग्नाच्या आधीपासूनची, एवढंच.

आमचा जावई अमेरिकेच्या सैन्यात ट्रक मेकॅनिक होता. २००७-०८ मध्ये इराकमध्ये, बगदादच्या उत्तरेला बलाद नावाचा मोठा तळ आहे, तिथे. २००९ला सैन्य सोडलं. त्याबद्दल तो फारसं बोलत नसे आणि मीही विचारत नसे. त्याला ‘अहो’ म्हणावं की ‘अरे’, हा प्रश्न इंग्रजीतल्या ‘यू’ने परस्पर सोडवला होता. तो मला ‘आई’ म्हणतो, तेवढं एक मराठी.

त्या रात्रीनंतर मात्र मी विचारलं. तेव्हा कळलं की बलादला कचरा जाळायचा एक खड्डा होता. खड्डा म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येतो तसला नव्हे, दहा एकरांचा. प्लॅस्टिक, टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्यातला कचरा, हजारो लोकांच्या जेवणाच्या फोमच्या थाळ्या, सगळं त्यात. वर विमानाचं इंधन ओतायचं, जेपी-८, आणि पेटवायचं. रात्रंदिवस. वारा फिरला की धूर थेट झोपायच्या जागेवर. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. “आम्ही त्याला हवामान म्हणायचो,” तो म्हणाला, “आज हवामान खराब आहे, असं.”

माझी ३१ वर्षं कोषागाराच्या पेन्शन शाखेत गेली. त्यामुळे माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा, “मग तू भरपाईचा अर्ज केलास का?”

“केलाय की. २०१५ला. कंप्युटरवर पाऊण तास बसून सगळे प्रश्न भरले.”

“मग पोच?”

पोच म्हणून त्याने एक पान आणून दाखवलं. ते अर्जाचं नव्हतं. जळत्या खड्ड्यांच्या आसपास राहिलेल्या सैनिकांसाठी २०१४ला एक नोंदवही उघडली होती, रजिस्ट्री म्हणतात, तिच्यात नाव नोंदवल्याचं ते पान होतं. ही नोंदवही अभ्यासासाठी आणि माहितीसाठी. तिच्यात नाव घातलं म्हणजे क्लेम, म्हणजे भरपाईची मागणी, होत नाही. आठ वर्षं हा माणूस समजत होता की आपण मागितलं आणि त्यांनी काही दिलं नाही. खिडकीपलीकडे मी अशी किती माणसं पाहिली असतील! चुकीच्या टेबलावर कागद देऊन निश्चिंत झालेली.

हे सगळं २०२३च्या मार्च-एप्रिलमधलं. आदल्या वर्षी, १० ऑगस्ट २०२२ला, तिथे अशा सैनिकांसाठी पॅक्ट नावाचा कायदा झाला होता. त्याला हीथ रॉबिन्सन या ओहायोच्या सार्जंटचं नाव आहे. तो इराकमध्ये जाऊन आला होता आणि २०२०मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. कायद्याची खरी गोम एका शब्दात आहे, गृहीत. पूर्वी सैनिकानेच सिद्ध करायचं की माझा आजार त्या धुरामुळेच झाला. आता तुम्हीच सांगा, पंधरा वर्षांपूर्वीच्या धुराचा पुरावा कोण आणणार? नव्या कायद्यात हे ओझं उतरवलं. तुम्ही अमुक मुदतीत अमुक देशात होतात (इराकसाठी ती २ ऑगस्ट १९९० पासून धरतात) आणि तुमचा आजार यादीत आहे, एवढं दाखवलंत की दोन्हींचा संबंध सरकारच गृहीत धरतं. यादीत बरेच कर्करोग आहेत, फुप्फुसाचे आजार आहेत, सैन्य सोडल्यावर निदान झालेला दमा आहे, जुनाट सायनस आहे.

जावयाचं म्हणणं वेगळंच. “आई, ज्यांचे हातपाय गेले त्यांच्यासाठी आहे ते. मी चालतो-फिरतो. मी त्यांच्या ताटातलं कशाला घेऊ?” मी त्याला सांगितलं की कोषागारात एकाची पेन्शन नाकारून ती दुसऱ्याला दिली, असं मी आयुष्यात एकदाही पाहिलेलं नाही. तो हसला, पण उठला नाही. लेकीने शेवटी वेगळा बाण मारला. म्हणाली, उद्या तुला काही झालं तर हे सगळे कागद मला एकटीला शोधावे लागतील. तेव्हा उठला.

तिथे काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कचेरीत सैनिकांना अर्जाला मदत करणारा अधिकारी असतो, व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर. मान्यताप्राप्त असतो आणि मदत पूर्ण फुकट. हे सांगायला हवं, कारण रजिस्ट्रीचं नीट न कळलेल्या जावयाला मधल्या काळात एका खाजगी कंपनीचा फोन येऊन गेला होता. आम्ही क्लेम करून देतो, वाढलेल्या रकमेचे काही महिन्यांचे पैसे आम्हाला द्या. पहिला क्लेम तयार करून देण्याचे पैसे घेणं तिथल्या केंद्रीय कायद्यात बसतच नाही. वकीलसुद्धा पहिला निकाल लागल्यावरच फी घेऊ शकतो. दलाल सगळीकडे सारखेच, तिथल्याचा आवाज जरा गोड असतो एवढंच.

आमच्या काउंटीतली अधिकारी बाई स्वतः नौदलात राहिलेली. तिने सगळ्यात आधी काय केलं असेल तर एका पानाचा ‘इंटेंट टू फाइल’ पाठवला. म्हणजे, मी अर्ज करणार आहे, अशी नुसती सूचना. पुढे वर्षभरात पूर्ण अर्ज गेला आणि मंजूर झाला की पैसे साधारण या सूचनेच्या तारखेपासून धरतात. मी खुर्चीतच सावरून बसले. आमच्याकडे माणसं कागद जमवता जमवता महिने घालवायची आणि तारीख मात्र शेवटच्या कागदाची लागायची. तारीख अडवून ठेवायचा असा कागद मी ३१ वर्षांत पाहिला नव्हता. पोच आली ती मी स्वतः छापून फायलीत पहिल्या पानावर लावली.

मग डीडी-२१४. हे सैन्य सोडतानाचं प्रमाणपत्र, आपल्या सेवापुस्तकाचा अर्क म्हणा. कुठे होतात, किती दिवस, काय काम, कसे सुटलात. जावयाचं ते होतं, गॅरेजमध्ये, ड्रिल मशीनच्या खोक्यात. ज्यांचं हरवतं त्यांना सेंट लुईसच्या अभिलेखागाराकडे मागावं लागतं. तिथे १९७३च्या जुलैत मोठी आग लागून दीड कोटीहून जास्त जुन्या सैनिकांच्या फायली जळाल्या, असं बाईने सांगितलं. मला त्या रात्री खरंच झोप लागली नाही. नोकरीभर अभिलेख कक्षात काडीपेटी नेऊ न देणारी बाई मी.

खरं काम पुढे होतं. स्वतःच्या शब्दांत निवेदन लिहायचं. जावई जेवणाच्या टेबलावर बसला आणि दहा मिनिटांत कागद माझ्यापुढे सरकवला. साडेतीन ओळी. मला अधूनमधून खोकला येतो. कधीकधी सायनसचा त्रास होतो. कामावर परिणाम होत नाही. एकंदरीत मी ठीक आहे.

“हे काय आहे?”

“खरं आहे ते.”

मी म्हटलं, बरं, मी विचारते आणि तू सांग. रात्री कुठे झोपतोस? खुर्चीत. आठवड्यातून किती रात्री? तीन. आतल्या खोलीतून लेक ओरडली, “पाच!” पंप कितीदा? रोजचा एक सकाळ-संध्याकाळ, निळा लागेल तसा. लागेल तसा म्हणजे? जिना चढल्यावर, थंडीत, कोणी पाला जाळला की. मुलीला सायकल शिकवताना कोण मागे धावलं? यावर तो गप्प झाला. सायकलमागे लेक धावली होती. तो फाटकाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला ते आठवत होतं, मीच तर फोनवर तो व्हिडिओ पाहिला होता.

“हे लिहायचं?” त्याने विचारलं.

“हेच लिहायचं.”

आजाराने माणूस किती टक्के अपंग झाला ते ठरवतात आणि त्यावर दरमहाची भरपाई देतात. सायनसचा हिशेब आणखी कठीण गेला, कारण तिथे नियमात मोजणी आहे. डोकेदुखी, दुखरा चेहरा आणि नाकातून पू, असे वर्षाला तीन ते सहा हल्ले येत असतील तर दहा टक्के. ‘कधीकधी’ला टक्केच नाहीत. मग लेकीच्या फोनमधले जुने निरोप शोधले. ‘डोकं फुटतंय, तू मुलीला शाळेतून आण’ अशा निरोपांच्या तारखा काढल्या. एका वर्षात पाच निघाल्या. कानात सतत शिटी वाजते हेही त्याने याच वेळी सांगितलं, जणू भाजीत मीठ कमी आहे असं. इंजिनांच्या आवाजात वर्षं काढलेला माणूस. तेही अर्जात घातलं.

त्याच्याबरोबर बलादला असलेल्या एका मित्राने दोन पानांचं निवेदन पाठवलं. साथीदाराचं निवेदन तिथे चालतं, त्याचा वेगळा फॉर्म आहे. त्यात एक वाक्य होतं की रोज सकाळी पलंगाच्या कडेवरची काजळी बोटाने पुसून आम्ही त्यावर आकडे लिहायचो, घरी जायला किती दिवस उरले ते. जावयाने ते वाचलं आणि कागद उलटा ठेवून बाहेर गेला.

जुलैमध्ये अर्ज गेला. ऑक्टोबरमध्ये तपासणी. ही व्हीएच्या (माजी सैनिकांचं खातं, सगळे नुसतं व्हीए म्हणतात) दवाखान्यात नाही, तर कंत्राटी डॉक्टरकडे. बाईने बजावून सांगितलं होतं, “फौजी माणूस डॉक्टरपुढे उभा राहिला की ठीक आहे म्हणतो. चांगल्या दिवसाचं सांगू नका, वाईट दिवसाचं सांगा. आणि खोटं काही सांगू नका.” सगळं पाठ करून गेलो. लेक कामावर, म्हणून मी सोबत. गाडी लावली आणि उतरायच्या आधी याने खिशातून निळा पंप काढून दोन वेळा ओढला. मी बघितलं. मला काही कळलं नाही. आत जाऊन नळीत फुंकायची परीक्षा होती, ती चांगली जावी म्हणून. शर्टाला इस्त्री करावी तसं त्याने फुप्फुसाला केलं होतं!

आकडे छान आले. अर्थातच.

थांबायच्या खोलीत त्या दिवशी एक म्हातारं जोडपं होतं. तो व्हिएतनामला जाऊन आलेला. बोलत होती ती, मांडीवर फुगलेली फाइल घेऊन. १९६२ ते १९७१ या काळात तिथल्या जंगलांवर झाडं मारणारी औषधं विमानांनी फवारली. त्यातल्या एकाच्या पिंपांवर नारिंगी पट्टा, म्हणून त्याचं नाव एजंट ऑरेंज. त्याच्या आजारांचा मोठा कायदा १९९१चा, पण रक्तदाब त्या यादीत आला तो थेट २०२२च्या या कायद्याने. या म्हाताऱ्याचा रक्तदाबाचा अर्ज पूर्वी एकदा नामंजूर झाला होता. आता तोच आजार यादीत आल्यावर परत मागता येतो, हे तिला कुठेतरी वाचून कळलं, त्याला नाही. “हे म्हणतात एकदा नाही म्हणालेत ना, मग झालं,” ती मला म्हणाली. मी तिच्या फायलीकडे बघत होते. तारखेप्रमाणे लावलेली, रंगीत खुणा, वर अनुक्रमणिका. अशी फाइल आमच्या शाखेत दोघीच लावायच्या.

जानेवारी २०२४मध्ये जाडजूड पाकीट आलं. सायनस दहा टक्के मंजूर. कानातली शिटी दहा टक्के मंजूर. दमा नामंजूर, कारण सध्या निदान आढळत नाही.

जावई म्हणाला, बघ. त्या ‘बघ’मध्ये आठ वर्षं होती.

मी चष्मा लावून पत्र पहिल्यापासून वाचायला बसले. नामंजुरीचं पत्र लोक शेवटून वाचतात, आणि तिथेच फसतात. आत एका परिच्छेदात अर्जदाराच्या बाजूने काय काय मान्य केलंय ते दिलं होतं. इराकमधली सेवा मान्य. विषारी संपर्क गृहीत धरणं मान्य. एकदा मान्य केलेलं पुढचा अधिकारी सहजासहजी फिरवू शकत नाही. म्हणजे भांडण उरलं होतं फक्त एका कागदापुरतं, दम्याच्या निदानाच्या.

आणि तो कागद होता! २०१३ साली, दुसऱ्या राज्यात राहत असताना, एका डॉक्टरने फुंकायची परीक्षा घेऊन दमा लिहिला होता. मग तो फायलीत का नाही? मी अर्जाची प्रत काढली. खाजगी डॉक्टरचे कागद व्हीएने मागवावेत म्हणून परवानगीचे दोन फॉर्म असतात, जुळ्यांसारखे. एकावर सही, दुसऱ्यावर डॉक्टरचं नाव, पत्ता, तारखा. सहीचा गेला होता. नावाचा राहिला होता. परवानगी होती पण कोणाकडून आणायचं ते लिहिलेलंच नव्हतं. फाइल मीच लावली होती. तीनदा तपासली होती. ही चूक दुसऱ्या कुणाची असती तर मी त्याला काय बोलले असते ते मला माहीत आहे. दोन दिवस मी घरात फारसं बोलले नाही. जावयाने तिसऱ्या दिवशी चहा करून आणला, भयंकर गोड, आणि म्हणाला, “आई, पुढचा फॉर्म कुठला?”

निकालाविरुद्ध वर्षभरात तीन वाटा असतात. आहे त्याच कागदांवर वरिष्ठाकडून फेरतपासणी, नवा पुरावा देऊन पुरवणी क्लेम, किंवा थेट अपील मंडळ. आमच्याकडे नवा कागद येणार होता, म्हणून पुरवणी. बाईने आणखी एक गोष्ट दाखवली. दम्याच्या टक्केवारीच्या नियमाखाली बारीक अक्षरात टीप आहे की तपासणीच्या दिवशी दमा दिसला नाही तर पूर्वीच्या झटक्यांची खात्रीलायक नोंद फायलीत हवी. म्हणजे नियम करणाऱ्याला ठाऊक होतं की दमा पाहुण्यांपुढे शहाण्यासारखा वागतो.

जुना दवाखाना बंद होऊन एका मोठ्या रुग्णालयात विरघळला होता. चार फोन, दोन चुकीचे विभाग, आणि शेवटी एक मुलगी म्हणाली की विनंती फॅक्सने पाठवा. फॅक्सने! चंद्रावर माणूस उतरवलेल्या देशात मी फॅक्स मशीन शोधत हिंडले. ते निघालं वाचनालयात. सहा आठवड्यांनी अकरा पानं आली. पंप देण्याआधीचा आलेख, पंप दिल्यानंतरचा आलेख, दोन्हींतला फरक, आणि खाली एका ओळीत निदान. औषधाच्या दुकानाने रोजच्या पंपाची दरमहाची यादी काढून दिली. त्या यादीत एक महिना सुटलेला नव्हता.

ऑगस्टमध्ये निकाल. दमा मंजूर, रोज पंप घ्यावा लागतो म्हणून तीस टक्के, आणि पैसे मागच्या तारखेपासून.

जावयाने फ्रीजवर खडूने लिहिलं, ३० + १० + १० = ५०. पत्रात होतं ४०. तो मला म्हणाला, हे चुकलेत, आता फेरतपासणी मागू. तोवर मला त्यांचं गणित कळलं होतं. ते बेरीज करत नाहीत. आधी शंभरातले तीस गेले, उरले सत्तर. पुढचे दहा टक्के त्या सत्तराचे, म्हणजे सात. झाले सदतीस, उरले त्रेसष्ट. त्याचे पुन्हा दहा टक्के, सहा आणि वर थोडं. मिळून त्रेचाळीस, आणि जवळचा दशक चाळीस. माणूस किती उरला त्यावर पुढचं नुकसान मोजायचं. हिशेब म्हणून बरोबर आहे. ऐकायला कसंतरीच वाटतं.

दोन वेगळे दहा होते तेव्हा बायकोमुलांसाठी काही मिळत नव्हतं, ते तीस टक्क्यांपासून सुरू होतं. आता मिळतं, आणि त्यावर कर नाही. थकबाकी आली तिच्यातून जावयाने पहिल्यांदा पलंग घेतला, डोक्याकडची बाजू बटणाने वर होणारा. आरामखुर्ची आता मी वापरते.

काजळीवर आकडे लिहिणाऱ्या त्या मित्राला जावयाने निकाल कळवला. तो खूश झाला, मनापासून. मग जावयाने विचारलं, तू कधी टाकतोस? फोन स्पीकरवर होता, मी मटार सोलत होते. पलीकडून तेच. मला काही नाही रे. माझ्यापेक्षा वाईट हाल असलेले किती आहेत. मी ठीक आहे. एवढं बोलून त्याला ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबेना.

जावयाने माझ्याकडे पाहिलं. मी हात पुसले आणि वही ओढली.

“त्याला म्हणावं,” मी म्हटलं, “फोन बायकोकडे दे.”